पसारा वाढतच असेल, तर जीव घडला कसा?

१. प्रश्न कुठून येतो

बारावीच्या रसायनशास्त्रात एन्ट्रॉपीचा धडा सुरू झाला की हा प्रश्न हमखास निघतो. पुण्या-नाशकातल्या क्लासमध्ये निघतो, तसा इंग्लंडमध्ये ए-लेव्हलची तयारी करणाऱ्या मराठी मुलांच्या घरीही निघतो. विश्वातला विस्कळीतपणा वाढतच जातो, असे पुस्तक सांगते. मग साध्या रेणूंपासून पेशीसारखी काटेकोर रचना झालीच कशी? शिकवणाऱ्याला ‘हे अभ्यासक्रमात नाही’ म्हणून पुढे जाता येते. घरी आईबाबांची मात्र पंचाईत होते.

प्रश्न पोरकट नाही. उत्क्रांती न मानणाऱ्या धर्मप्रचारकांनी तो हत्यार म्हणून वापरला, हे खरे. पण फ्रेड हॉइल यांच्यासारख्या अव्वल खगोलशास्त्रज्ञालाही जीवाच्या जन्माची ही अडचण छळत होती. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. त्यामुळे या वादाचा एक धागा थेट पुण्यात येतो. दुसरा धागा बेसिंगस्टोकमध्ये आहे.

लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून जलद गाडीने सुमारे पाऊण तासात हॅम्पशरमधले बेसिंगस्टोक येते. लंडनची गर्दी बाहेर हलवण्यासाठी १९६०च्या दशकात सरकारने हे गाव वाढवले. ऑफिसच्या इमारती आणि गोल चौक यांवरून इंग्रज लोक त्याची भरपूर थट्टा करतात. आपल्याला त्या गावातल्या दोन गोष्टी लागणार आहेत: जमिनीखालचा खडू आणि एके काळी ब्रुनेल रोडवर असलेली मॅकमिलन ही प्रकाशनसंस्था. खडू आधी घेऊ, पण त्याआधी थोडी मोजणी.

२. एन्ट्रॉपी म्हणजे मोजणी

‘एन्ट्रॉपी म्हणजे पसारा’ ही सोपी व्याख्या कामाची आहे, पण तिच्यामुळेच निम्मा घोळ झाला आहे. रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८६५मध्ये हा शब्द घडवला तो उष्णतेच्या हिशेबासाठी. त्यामागे मोजणी दडलेली आहे, हे लुडविग बोल्ट्झमन यांनी दाखवले.

दहा नाणी उडवा. दहाही छापे पडण्याचा प्रकार एकच. पाच छापे आणि पाच काटे पडण्याचे प्रकार २५२. एकूण प्रकार १,०२४. नाणी पुन्हा पुन्हा उडवत राहिलात तर मधल्या, सरमिसळ झालेल्या निकालांकडेच तुमचा ओघ राहील. त्यासाठी कोणतीही शक्ती नाण्यांना ढकलत नाही. त्या बाजूला प्रकारच जास्त आहेत, एवढेच. नाण्यांच्या जागी कपभर पाण्यातले रेणू घ्या. आता प्रकारांची संख्या इतकी अफाट होते की ‘बहुधा’ या शब्दाचा व्यवहारात ‘नेहमी’ असाच अर्थ होतो. हाच ऊष्मागतिकीचा दुसरा नियम: बाहेरून काही येत-जात नसेल, तर एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही.

वाक्यातले ‘एकूण’ आणि ‘बाहेरून काही येत-जात नसेल’ हे दोन तुकडे वाचताना गळून पडतात आणि वाद सुरू होतो.

३. केटलीतला पांढरा थर

बेसिंगस्टोकमध्ये राहायला गेलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळते की इथले पाणी जड आहे. केटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, शॉवरची भोके बुजतात, मग व्हिनेगर आणावे लागते. कारण जमिनीखाली आहे. हे गाव खडूच्या थरांवर बसले आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला. हा खडू त्याच्याही आधी उबदार समुद्राच्या तळाशी साचला. तो साचवला सूक्ष्म शैवालांनी. समुद्रात विरघळलेला चुना उचलून त्यांनी आपल्याभोवती चकत्या बांधल्या. या चकत्यांना कोकोलिथ म्हणतात. त्या इतक्या बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जेमतेम दिसतात, पण चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर कोरीव कामासारख्या.

पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जमिनीत मुरते आणि खडू थोडाथोडा विरघळवते. ते पाणी नळातून केटलीत येते. तापले की विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होतो आणि तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक बसतात. स्फटिक म्हणजे अणूंची शिस्तबद्ध रांग. मग पाण्यात विस्कळीत फिरणाऱ्या कणांची अशी रांग झाली, तेव्हा दुसरा नियम मोडला का?

मोडला नाही, कारण हिशेब फक्त स्फटिकाचा करायचा नसतो. चुना घट्ट होताना कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि हवेत पसरतो. कॅल्शियमच्या कणाभोवती खिळलेले पाण्याचे रेणूही मोकळे होतात. एका बाजूला थोडी शिस्त आली, तर दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त मोकळीक झाली. बेरीज वाढलेलीच आहे. कोणी मांडून ठेवले नाही, नियम मोडला नाही, तरी शिस्त आली. ती या शहरातल्या घराघरांत रोज सकाळी चहाच्या वेळी येते.

म्हणजे ‘आपोआप शिस्त येऊच शकत नाही’ हे विधान स्वयंपाकघरातच खोटे ठरते. पण इथे थांबणाऱ्यांचेही मला पटत नाही. केटलीतला स्फटिक म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेले पान. कोकोलिथची चकती तशी नाही. रसायन तेच, पण तिचा आकार शैवालाच्या जातीनुसार ठरतो, पिढ्यान्‌पिढ्या तसाच उतरतो, आणि त्यामागे पेशीत साठवलेली सूचना असते. शिस्त आणि सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वस्तात मिळते. वाद आहे तो दुसरीवर.

४. सूर्याचा जमाखर्च

आधी सोपा भाग उरकू. पृथ्वी बंद डबा नाही. तिच्यावर सूर्यप्रकाश येतो आणि जवळपास तितकीच ऊर्जा ती अवकाशात परत फेकते. तसे नसते, तर ती तापतच गेली असती. म्हणजे सूर्याकडून आपल्याला निव्वळ ऊर्जा फारशी मिळतच नाही. मग मिळते काय?

उष्णतेला तापमानाने भागले की तिच्याबरोबर जाणाऱ्या एन्ट्रॉपीचा ढोबळ आकडा मिळतो. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन. तिथून ५,८०० जूल ऊर्जा आली, तर तिच्याबरोबर एन्ट्रॉपी आली १ एकक. तीच ऊर्जा पृथ्वी साधारण २९० केल्विनला अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते: ५,८०० भागिले २९०, म्हणजे २० एकके. एक आत, वीस बाहेर. प्रकाशकणांच्या भाषेत सांगायचे, तर सूर्याकडून आलेल्या एका दमदार कणाच्या बदल्यात पृथ्वी सुमारे वीस मरगळलेले कण परत करते.

या १९ एककांच्या फरकावर सगळी जीवसृष्टी चालते. पृथ्वीवर कुठे थोडी शिस्त वाढली, तर तिची किंमत या निर्यातीतून केव्हाच चुकती झालेली असते. बोल्ट्झमन यांना हे १८८६मध्येच उमगले होते. सजीवांची झटापट कच्च्या मालासाठी किंवा ऊर्जेसाठी नसून, गरम सूर्याकडून थंड पृथ्वीकडे येणाऱ्या या एन्ट्रॉपीच्या फरकासाठी आहे, असे त्यांनी व्हिएन्नातल्या व्याख्यानात मांडले. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४३मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत तोच विचार पुढे नेला. सजीव ‘ऋण एन्ट्रॉपी’ खाऊन जगतो, असे ते म्हणाले. भौतिकशास्त्रज्ञांनी या शब्दावरून त्यांना बरेच टोकले, तेव्हा पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत टीप देऊन त्यांनी मुक्त ऊर्जेचा उल्लेख केला. मुक्त ऊर्जा म्हणजे एकूण ऊर्जेतला कामाला लावता येणारा भाग.

त्याच व्याख्यानांत त्यांनी आनुवंशिक द्रव्य म्हणजे ‘पुनरावृत्ती नसलेला स्फटिक’ असावे, असा अंदाज केला होता. डीएनएची रचना कळली ती त्यानंतर दहा वर्षांनी.

५. ऊन पडले म्हणून काम होत नाही

विरोधकांची एक शंका इथे मान्य करायला हवी. मेलेल्या झाडावरही ऊन पडतेच. ते सुकते, फुटते, कुजते. उन्हाने त्याचे नवे झाड होत नाही. ‘पृथ्वी उघडी आहे, सूर्य ऊर्जा देतो’ एवढेच सांगून प्रश्न मिटवणारे लोक अर्धेच उत्तर देतात. शाळेच्या पुस्तकांत बहुधा तेवढेच असते.

कोयनेच्या धरणातले पाणी नुसते खाली सोडले, तर माती वाहून जाते. तेच पाणी पोफळीच्या टर्बाइनमधून सोडले, तर वीज मिळते. उतार तोच. फरक आहे तो उताराला कामाशी जोडणाऱ्या यंत्राचा. दुसरा नियम उतार कोणत्या दिशेला आहे ते सांगतो. टर्बाइन कोणी बसवले, हे तो सांगत नाही.

सजीवांत असे यंत्र खरोखरच असते. पीटर मिचेल या इंग्रज जैवरसायनशास्त्रज्ञाने १९६१मध्ये ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात एक विचित्र वाटणारी कल्पना मांडली: पेशी अन्नातल्या ऊर्जेने एका पातळ पडद्याच्या पलीकडे प्रोटॉन ढकलून साठवतात आणि ते परत येताना त्यांच्याकडून काम करून घेतात. बरीच वर्षे लोकांनी नाके मुरडली. १९७८मध्ये त्यांना नोबेल मिळाले. हा पडदा सुमारे ५ नॅनोमीटर जाड असतो आणि त्याच्या दोन बाजूंत साधारण ०.१५ व्होल्टचा फरक असतो. भागाकार करून पाहा: दर मीटरला ३ कोटी व्होल्ट. परत येणारे प्रोटॉन ज्या प्रथिनातून जातात, ते प्रथिन अक्षरशः गरगर फिरते.

तेव्हा मूळ प्रश्न आता असा मांडावा लागतो: पेशी नसताना पहिले टर्बाइन कुठून आले, आणि पहिली सूचना कोणी लिहिली?

६. भंगारातले विमान

आता ब्रुनेल रोडकडे जाऊ. ‘नेचर’ हे तेव्हा मॅकमिलनचे साप्ताहिक. त्याचे संपादन लंडनला होई, पण वर्गणीदारांचा पत्ता ‘ब्रुनेल रोड, बेसिंगस्टोक’. जगभरच्या ग्रंथालयांना हा पत्ता पाठ होता. १२ नोव्हेंबर १९८१च्या अंकात हॉइल यांच्या एका विधानाची हकिगत छापून आली. भंगाराच्या अड्ड्यावरून वावटळ जावी आणि तिथल्या तुकड्यांतून बोइंग ७४७ तयार उभे राहावे, तितकीच उच्च पातळीचे जीव निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता आहे, असा त्याचा आशय. या विषयावरचे इतके गाजलेले दुसरे विधान मला माहीत नाही. ज्यांनी हॉइल यांची एक ओळही वाचलेली नाही, तेही ते सांगतात.

हॉइल यांचा हिशेब पाहू. सजीवाला सुमारे २,००० विकरे लागतात. विकर म्हणजे शरीरातली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे प्रथिन. एक विकर योगायोगाने जुळण्याची शक्यता १०च्या विसाव्या घातात एक, म्हणजे १वर २० शून्ये. सगळी २,००० जुळायची, तर शून्ये होतात २,००० गुणिले २०, म्हणजे ४०,०००. विश्वातले सगळे अणू मोजले, तरी १वर शंभरेक शून्यांच्या पलीकडे आकडा जात नाही.

गुणाकार बरोबर आहे. गृहीतक चुकले आहे, आणि ते कुठे चुकले हे फाशांनी दाखवता येते. दहा फासे घ्या आणि दहाही षटकार एकाच फेकीत हवेत असा हट्ट धरा. शक्यता ६ कोटींत एक. आता नियम बदला: षटकार पडलेला फासा बाजूला ठेवा, उरलेले पुन्हा फेका. सरासरी १६-१७ फेकींत काम होते. फासे तेच, योगायोगही तोच. फक्त जमलेले टिकवण्याची सोय झाली. उत्क्रांतीत ही सोय निवड करते. एकाच झंझावातात सगळे जुळले, असे कोणताही जीवशास्त्रज्ञ म्हणत नाही.

पण हॉइल इतके सहज निकालात निघत नाहीत. षटकार पडलेला फासा बाजूला ठेवायला कोणीतरी हवे. निवड चालते ती स्वतःच्या नकला करणाऱ्या वस्तूंमध्ये. पहिली नक्कल करणारी वस्तू घडण्याआधी जमलेले टिकवत कोण होते? वावटळीचा दाखला दुबळा असला, तरी त्यामागचा हा प्रश्न दुबळा नाही. हॉइल यांची थट्टा करून पुढे सरकणाऱ्यांनी तो टाळला आहे, असे माझे मत आहे.

याचे थोडे उत्तर प्रयोगातून मिळाले. सोल स्पीगलमन यांच्या गटाने १९६७मध्ये एका विषाणूचे आरएनए, म्हणजे डीएनएसारखाच सूचना वाहणारा रेणू, परीक्षानळीत ठेवले, त्याची नक्कल करणारे विकर आणि कच्चा माल दिला, आणि थोडे थोडे द्रावण नव्या नळीत घालत ७४ वेळा हे पुढे चालवले. आरएनए आखूड होत गेले; मूळ लांबीचा सुमारे ८३ टक्के भाग गळाला. कारण या नळीत ज्याची नक्कल लवकर होते, त्याचीच सरशी. पेशी नसतानाही निवड सुरू झाली. विकर मात्र सजीवाकडून उसने आणलेले होते.

७. ४१ किलोमीटर वरची हवा

हॉइल यांनी स्वतः वेगळी वाट धरली. जीव पृथ्वीवर घडायला वेळ आणि जागा अपुरी वाटत असेल, तर तो अवकाशातून आला असेल, असे ते आणि मूळचे श्रीलंकेचे चंद्रा विक्रमसिंघे सांगू लागले. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. नारळीकरांनी मात्र ते तपासायचे ठरवले. गुरूचे म्हणणे पटो न पटो, तपासता येत असेल तर तपासावे, ही त्यांची रीत होती.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादच्या केंद्रातून २००१मध्ये आणि पुन्हा २० एप्रिल २००५ रोजी फुगे सोडले गेले. दुसऱ्या फुग्याबरोबर निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या होत्या. द्रवरूप निऑनने त्या अतिशीत ठेवल्या होत्या, म्हणजे बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाई. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा करून नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञानाच्या संस्थांत स्वतंत्रपणे तपासले गेले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. बहुतेक पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी जुळणाऱ्या होत्या. जिवाणूंच्या तीन जाती नव्या निघाल्या. जवळच्या नातलगांपेक्षा त्या अतिनील किरणांना जास्त टिकत. एकीला इस्रोचे नाव मिळाले, एकीला आर्यभटाचे, आणि एकीला हॉइल यांचे: जॅनिबॅक्टर हॉइली.

हे जीव अवकाशातूनच आले, असे सिद्ध झाले का? नाही, आणि २००९मध्ये निकाल जाहीर करताना इस्रोनेही तसा दावा केला नाही. पृथ्वीवरचे जिवाणू वर उडून गेले असण्याची शक्यता उरतेच. आणि समजा, ते बाहेरून आलेही असतील. आपला प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो. दुसऱ्या ग्रहावर किंवा धूमकेतूवर जीव घडायचा, तर तिथेही तोच जमाखर्च, तीच टर्बाइनची अडचण. जागा बदलली आणि वेळ थोडा जास्त मिळाला, एवढेच.

८. समुद्राचा तळ की उन्हातले डबके

कच्च्या मालाची चिंता आता फारशी कोणी करत नाही. स्टॅन्ली मिलर यांनी १९५३मध्ये शिकागोला वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांच्या विटा, मिळवली. १९६९मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत ती होती. २०२१मध्ये इंग्लंडच्या विंचकम गावात एकाच्या घराच्या दारात उल्का पडली, तिच्यातही सापडली. विटा विश्वात विपुल आहेत. घर बांधण्याची रीत कळत नाही.

आज दोन मुख्य तट आहेत. एक समुद्राच्या तळाकडे बोट दाखवतो. अटलांटिकमध्ये २०००च्या डिसेंबरमध्ये ‘लॉस्ट सिटी’ नावाचे उष्ण झऱ्यांचे क्षेत्र सापडले. तिथे चुन्याचे मनोरे उभे आहेत, काही ६० मीटर उंच. त्यांतून अल्कधर्मी गरम पाणी बाहेर येते. प्राचीन समुद्र आजच्यापेक्षा आम्लधर्मी होता. सच्छिद्र दगडाच्या पातळ भिंतीच्या एका बाजूला अल्क, दुसऱ्या बाजूला आम्ल, म्हणजे प्रोटॉनचा उतार आयताच तयार. मिचेल यांचे टर्बाइन बसण्याआधी धबधबा तिथे होता, असे मायकेल रसेल आणि विल्यम मार्टिन यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. दुसरा तट जमिनीवरच्या उथळ डबक्यांचा आहे. डार्विन यांनीही १८७१मधल्या एका खासगी पत्रात कोमट तळ्याची कल्पना करून ठेवली होती. पाणी आटते, भरते, वरून अतिनील किरण पडतात. जॉन सदरलँड यांच्या गटाने २००९मध्ये अशा परिस्थितीला साजेशा रसायनांपासून आरएनएचे दोन घटक बनवून दाखवले. तोवर ते जवळपास अशक्य मानले जात होते.

मला पहिल्या तटाची ऊर्जेची बाजू भक्कम वाटते आणि दुसऱ्याची रसायनाची. झऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना लांब आरएनए पाण्यात टिकवून दाखवता आलेले नाही. डबक्याच्या बाजूच्यांना प्रत्येक पायरीला प्रयोग करणाऱ्याने योग्य वेळी योग्य रसायन ओतावे लागते, आणि प्राचीन पृथ्वीवर ते ओतायला कोणी नव्हते. जेरेमी इंग्लंड यांच्यासारखे काही भौतिकशास्त्रज्ञ २०१३पासून सांगताहेत की बाहेरून ऊर्जा मिळत राहिली, तर पदार्थ ती अधिक चांगली उधळणाऱ्या रचनेकडे वळतो. कल्पना आकर्षक आहे, पण तिच्यातून सूचना कशी लिहिली गेली, ते अजून निघत नाही.

पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे. सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा बऱ्यापैकी खात्रीने मिळतात. म्हणजे जे काही घडले, ते मधल्या सुमारे शंभर कोटी वर्षांत. तेव्हा घरातल्या बारावीकराने विचारले, तर त्याला सांगा की दुसरा नियम जीवाच्या आड येत नाही. हा भाग निकालात निघाला आहे. आणि हेही सांगा की साध्या रसायनांपासून सुरुवात करून, सजीवाकडून काहीही उसने न घेता, स्वतःची नक्कल करणारी पेशी आजवर एकाही प्रयोगशाळेने बनवलेली नाही.